मधलं नाव

सीमा मेस्त्रीच्या पाळणाघरात अकरा मुलं होती. त्या सोमवारी सात आली.

आधी तिला वाटलं, साथ असेल. डिसेंबरात एकाला सर्दी झाली की मागोमाग चौघं शिंकतात. तिने चारही घरी फोन लावले. दोघांनी उचलला नाही. एक म्हणाली, "अजून दोन दिवस बघू, ताई." चौथीने गावी आलोय म्हणून सांगितलं आणि तेवढ्यात तिच्या मागे भंगारवाल्याची ओळखीची हाक ऐकू आली. तोच भंगारवाला पाच मिनिटांनी सीमाच्या दारावरून गेला.

डिलाईल रोडवरच्या त्या चाळीत तळमजल्याला दोन खोल्या लागून होत्या. एकीत सीमा आणि तिची आई रमाबाई राहायच्या, दुसरीत पाळणाघर. सीमाचे वडील गुणाजी गिरणीत कापड विणायचे साचे चालवायचे. ते गेल्यावर सीमाने दोन वर्षं एका ऑफिसात फायली लावल्या, आणि मग एकदा अडल्या वेळी शेजारच्या शैलाचं मूल दिवसभर सांभाळून दिलं. तिथून जी सुरुवात झाली, तिला आता चौदा वर्षं झाली होती. निम्मी मुलं चाळीतली, निम्मी समोरच्या टॉवरमधल्या ऑफिसांत कामाला येणाऱ्यांची. दुपारी सगळ्यांना एकच जेवण, रमाबाईंच्या हातचा मऊ भात आणि वरण. मग एक ते तीन झोप. सीमा बेचाळीस वर्षांची, लग्न न केलेली, आवाजाने खणखणीत. तिच्या एका 'ए'ला अकराच्या अकरा मुलं गप्प बसायची.

मंगळवारी संध्याकाळी मनवा बिवलकर आपल्या मुलाला न्यायला आली तेव्हा तिने बूट काढले नाहीत. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"सीमाताई, उद्यापासून थोडे दिवस यशोधन नाही येणार."

"का?"

"असंच. बाबा आहेत ना घरी, त्याचे आजोबा."

"मनवा, कालपासून सगळ्या मला अशाच टाळतायत. तुम्ही तरी खरं सांगा."

मनवाने पर्स उघडली. मग मोबाईल काढून सीमाच्या हातात दिला. एका बातम्यांच्या साइटवरची साडेसहा वर्षांपूर्वीची बातमी होती. मथळा मोठ्या अक्षरात: 'पाळणाघरात बाळाला झोपेचं औषध, संचालिका सीमा मेस्त्री अटकेत.' खाली फोटो. दोन महिला पोलीस आणि मध्ये तोंडावर पदर ओढलेली एक बाई. गावाचं नाव करंजवडी.

सीमाने बातमी दोनदा वाचली.

"ही मी नाही."

"मी कुठे म्हणते तुम्हीच आहात म्हणून? टॉवरमधली एक नवीन आई ॲडमिशनचं विचारत होती. तिने तुमचं नाव सर्च केलं तर पहिलं हेच आलं. मी फक्त ग्रुपवर टाकलं, कोणाला काही माहीत आहे का म्हणून."

"कुठच्या ग्रुपवर? आपल्या ग्रुपवर मला तर काही दिसलं नाही."

मनवा खाली बघायला लागली. "तो वेगळा आहे. फक्त पेरेंट्सचा."

"हे करंजवडी कुठे आलं ते पण मला माहीत नाही. सहा वर्षांपूर्वी मी इथेच होते. शैलाची जुळी होती तेव्हा माझ्याकडे. विचारा तिला."

"ताई, फोटोत तोंड झाकलंय. कळायला काही मार्ग नाही. आणि मुलाच्या बाबतीत रिस्क नाही ना घेता येत." तिने यशोधनला उचललं. तो मान वळवून सीमाकडे बघत गेला. त्याच्या बुटाचा एक बंद सुटलेला होता, तो बांधायचा राहिला.

चाळीत बातमी पोचायला वेळ लागत नाही. बुधवारी सकाळीच चाळ कमिटीचे नाना पेडणेकर दारात आले. माणूस वाईट नव्हता, पण कुठलंही भांडण टळलं की त्याला जिंकल्यासारखं वाटायचं.

"सीमा, माझं ऐक. बोर्डावरचं नाव बदल. 'लिटल' अमुकतमुक काहीतरी लाव. सहा महिन्यांत लोक विसरतात."

"मी काय केलंय म्हणून नाव बदलू?"

"तू काही केलं नाहीस गं. पण लोकांच्या तोंडाला कोण लागणार?"

रमाबाई आतून तांदूळ निवडत ऐकत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "ता नाव तिच्या बापाशीन ठेवलला, नाना. बदलूचा आसात तर तू तुझा बदल." आणि सीमाला म्हणाल्या, "तू चोरी केलंस? नाय ना? मगे खाली मान कित्याक घालतंस?"

"कोण घालतंय खाली मान?" सीमा म्हणाली.

नाना गेले.

त्या दुपारी सहा मुलं चटईवर झोपली होती. सीमा भिंतीला टेकून मोबाईलवर शोधत बसली. तिने लिहिलं, 'करंजवडीच्या पाळणाघराच्या केसमधली सीमा मेस्त्री मी नाही हे कसं सिद्ध करायचं'. उत्तरादाखल पाळणाघर सुरू करण्याच्या दहा युक्त्या आल्या, मग बाळाच्या डायपरची जाहिरात, वकिलांचे पत्ते, 'स' अक्षरावरून मुलींची नावं. मध्येच तीच बातमी, तोच पदर. तिने शब्द बदलले, पुन्हा तेच. अंगठा वर सरकवून सरकवून दुखायला लागला.

"येऊ का?" दारातून हळू आवाज आला. यशोधनचे आजोबा, चिंतामणी बिवलकर. सत्तरीतले, इस्त्रीचा सदरा, दादरहून बसने आलेले. "सूनबाईंनी पाठवलंय. यशूचं दुपटं आणि पाण्याची बाटली राहिली होती." ते इतके ओशाळले होते की सीमालाच त्यांची दया आली.

तिने दुपटं घडी करून दिलं. तरी ते निघेनात.

"काय शोधताय?"

तिने मोबाईल पुढे केला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तिची लांबलचक ओळ वाचली.

"सीमाबाई, तुम्ही त्याला मनातलं सांगताय. त्याला मनातलं कळत नाही, शब्द कळतात. मी एकतीस वर्षं पेपरच्या कात्रण विभागात होतो. तिथेही लोक असेच यायचे, 'ते एक प्रकरण झालं होतं ना, ते द्या' म्हणून. मी म्हणायचो, नाव सांगा, गाव सांगा, साल सांगा. बसू का?"

सीमाने पाट दिला. ते भिंतीशी बसले आणि मुलं उठू नयेत म्हणून कुजबुजत बोलू लागले.

"नावाला अवतरण चिन्हं लावा. दोन्ही बाजूंनी. म्हणजे हे दोन शब्द याच क्रमाने, लागूनच हवेत. नाहीतर तो एकीकडून सीमा आणतो, दुसरीकडून मेस्त्री."

तिने लावली. डायपर गेले, मुलींची नावं गेली.

"आता तुम्हाला जे नको ते उणे करायचं. उण्याचं चिन्ह आणि लगेच करंजवडी."

तिने उणे टाकलं, जागा सोडली, करंजवडी लिहिलं. बातमी तिथेच होती.

"चिकटून, चिकटून. मध्ये जागा नाही सोडायची."

तिने जागा खोडली. आणि पदरवाली बाई नाहीशी झाली. राहिली ती इथली सीमा मेस्त्री: चाळीच्या गणेशोत्सवाच्या अहवालात देणगीदारांत तिचं नाव, एका स्थानिक अंकात महिला दिनाला आलेला चार ओळींचा परिचय, त्यात 'डिलाईल रोडला आठ वर्षं पाळणाघर चालवणाऱ्या' असं लिहिलेलं. अंकाची तारीख करंजवडीच्या बातमीच्या जेमतेम महिनाभर आधीची.

चिंतामणींनी मांडीवर थाप मारली. "झालं! ती तिकडे अटकेत जात होती तेव्हा तुम्ही इकडे छापून येत होतात. याचा स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाका. मी मनवाला आजच दाखवतो. पाच मिनिटांचं काम होतं हो, आणि तेवढंही कोणी केलं नाही."

सीमाला पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला. स्क्रीनशॉट काढून तिने त्यांना पाठवलाही. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तिने उण्याचं चिन्ह खोडलं. बाई परत आली. तोंडावर पदर, दोन्ही दंडांना धरलेलं.

"हिचं पुढे काय झालं?" तिने विचारलं.

"कुणाचं?"

"हिचं. अटक झाली. मग?"

"तुम्हाला काय करायचंय? तुमचं नाव मोकळं झालं."

"नाही, पण शिक्षा झाली असेल तर बातमी आली असती ना. सुटली असेल तर ती आली असती."

चिंतामणी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले. "अटकेचं कात्रण तीन कॉलमांचं असायचं," ते म्हणाले. "सुटकेचं दोन ओळींचं. आणि जाहिरात आली की त्या दोन ओळीच आधी उडायच्या. माझ्याकडच्या कितीतरी फायली अटकेवरच संपल्या. मी त्या तशाच बांधून कपाटात ठेवल्या." मग म्हणाले, "तेव्हा मला असं कोणी विचारलं नाही."

गुरुवारपासून सीमाचं दुपारचं कामच ते झालं. मुलं झोपली की मोबाईल हातात. चिंतामणी फोनवर एकेक गोष्ट सांगायचे आणि ती पाळण्याच्या दोरीला पायाने हिसके देत करून बघायची. साइट, दोन टिंबं आणि त्या बातमीवाल्यांचा पत्ता लिहिला की शोध त्यांच्याच घरात होतो. तिथे फक्त अटक. तारखेची अट घातली की त्यानंतरचंच येतं. काही नाही. मग 'निर्दोष' किंवा 'मुक्तता' किंवा 'सुटका', मध्ये इंग्रजी मोठ्या अक्षरांत ऑर. भलत्याच लोकांच्या सुटका आल्या, एका बिबट्याचीसुद्धा.

"नसेल झाली निर्दोष," शैला म्हणाली. ती दोन नंबरच्या खोलीतली, जुळ्यांची आई. "केलंच असेल तिने. मिळत नाही म्हणजे नसणार."

"मिळत नाही म्हणजे मला मिळत नाही," सीमा म्हणाली. "नाहीच आहे असं कोण सांगणार?"

शुक्रवारी पोस्टमन पत्र घेऊन आला. त्याने मोठ्याने वाचलं, "सीमा गुणाजी मेस्त्री," आणि सही घेतली. सीमा लिफाफा न फोडता तशीच उभी राहिली. मग तिने चिंतामणींना फोन लावला.

"आजोबा, कोर्टात नाव कसं लिहितात? पूर्ण ना? बापाचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये घालून?"

"अर्थात."

"मग आपली चिन्हं तर सांगतायत की सीमाला लागूनच मेस्त्री पाहिजे. मधलं नाव असेल तर तो दाखवणारच नाही!"

"अहो, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं," चिंतामणी म्हणाले. "आणि ते मधलं नाव आपल्याला माहीत नाही."

"माहीत नसलेल्या शब्दाला काही चिन्ह आहे का?"

"आहे. चांदणी. तारा असतो बघा, सहा टोकांचा. तो मध्ये टाका. आणि एक करा, छोटे पेपर आपला अख्खा अंक पीडीएफ करून ठेवतात. फाइलटाइप लिहा, दोन टिंबं, पीडीएफ. सगळं इंग्रजीत."

तिने अवतरण चिन्ह उघडलं. सीमा, चांदणी, मेस्त्री. चिन्ह बंद. पाळणाघर. फाइलटाइप. फोन कानापासून दूर धरून ती थांबली.

एकच निकाल आला. तिकडच्या तालुक्याचं एक साप्ताहिक, पान सहा, खताच्या जाहिरातीखाली: 'पाळणाघर प्रकरणी सीमा शांताराम मेस्त्री यांची निर्दोष मुक्तता.' बाळाच्या रक्तात झोपेचं कुठलंही औषध सापडलं नव्हतं. घरून दिलेलं खोकल्याचं औषध आईने सांगितलं तेवढंच पाजलं होतं. बाळ निपचित झालं होतं ते तापाने. निकालाला पावणेचार वर्षं लागली होती. खाली खटल्याचा नंबर होता.

"मिळाली?" फोनमधून चिंतामणी विचारत होते. "सीमाबाई, मिळाली का?"

"सुटली," सीमा म्हणाली. "तीन वर्षं होत आली सुटून. आणि परवा मी तिला उणे करून टाकलं होतं."

खटल्याच्या नंबरावरून कोर्टाच्या साइटवर निकालाची प्रत मिळाली. साप्ताहिकाच्या संपादकांचा नंबर अंकावरच होता. त्यांनी आधी करंजवडीच्या सीमाला, मुंबईच्या एका बाईला नंबर देऊ का एवढंच विचारून घेतलं आणि शनिवारी सकाळी सीमाला एक मोबाईल नंबर पाठवला.

"हॅलो, कोण बोलतंय?" बाईचा आवाज थकलेला होता. मागे पत्र्यावर काहीतरी ओतल्यासारखा खडखडाट.

"मी सीमा मेस्त्री."

पलीकडे नुसता खडखडाट. मग, "चेष्टा करताय व्हय?"

"नाही हो. माझं नाव पण तेच. मुंबईत डिलाईल रोडला माझं पाळणाघर आहे."

सीमाने सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मध्ये एकदाच म्हणाली, "तुमचीबी पोरं गेली म्हणा की."

"पाच गेली."

"माझी नऊ होती. सांजच्याला एकबी न्हवतं." तिने नाक ओढलं. "निकाल लागला तवा मी पेढं आणलं वाटायला. घ्यायला कोण आलं न्हाई. आता काजूच्या कारखान्यात जाते, बी सोलायला. तितं कोण नाव इचारत न्हाई."

"ताई, मला लोकांना हे सांगायचंय. तुमचं नाव घेऊन. चालेल का?"

"माझं नाव तर हायच की तितं, समद्यांच्या म्होरं. घ्या." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "फकस्त अर्धं सांगू नका. पुढचंबी सांगा."

सीमाने आपल्या ग्रुपवर लिहिलं: 'उद्या रविवारी चार वाजता पाळणाघरात या. ज्यांनी मुलं काढली त्यांनी तर याच. मोबाईल चार्ज करून आणा.'

रविवारी आठ घरांतले लोक आले. मुलांच्या चटयांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली. चिंतामणी कोपऱ्यातल्या पाटावर. मनवा सगळ्यांत आधी बोलली, आणि मनापासून बोलली.

"ताई, सॉरी. बाबांनी स्क्रीनशॉट दाखवला. मी नीट बघायला हवं होतं. मी आत्ताच टाकते ग्रुपवर, आपल्या सीमाताई वेगळ्या, ती बाई वेगळी. विषय संपला."

"असं टाकू नका," सीमा म्हणाली.

मनवाला कळेना.

"मोबाईल काढा सगळ्यांनी. मी सांगते तसं लिहा." तिने आधी उण्याचा शोध करायला लावला. सगळ्यांना डिलाईल रोडची सीमा मेस्त्री दिसली. माना डोलल्या. कोणीतरी "मस्त आहे हे" म्हणालं. "आता उणे खोडा. नावाच्या मध्ये चांदणी टाका." खताची जाहिरात आली, आणि तिच्याखाली ती बातमी. सीमाने कोर्टाच्या निकालाचा कागद उघडला आणि शेवटचा परिच्छेद मोठ्याने वाचला. रक्ताच्या तपासणीची ओळ तिने दोनदा वाचली.

अभय नावाचा एक बाप होता, समोरच्या टॉवरमध्ये कामाला. मुलगी काढून नेणाऱ्यांत तोही होता. तो म्हणाला, "ताई, ठीक आहे ना. तुम्ही क्लिअर झालात. आम्हाला त्या बाईचं काय करायचंय?"

"तुम्ही तिची बातमी किती जणांना पाठवलीत?"

"मी? असेल तीन-चार ग्रुपवर. सावध करायला म्हणून."

"मग झालं की. तुम्ही तिचं आधीच काहीतरी करून ठेवलंय." सीमा उभी राहिली. "मी काय सांगू लोकांना? की मी चांगली सीमा, ती वाईट सीमा? ती वाईट नाहीये. कोर्ट सांगतंय. मी तिला वजा करून स्वतः सुटू? उद्या अजून एका सीमा मेस्त्रीवर कोणी काही लिहिलं, की तिला पण वजा करायची?"

एकीने हातातला मोबाईल मांडीवर उपडा ठेवला.

"तर माझी अट ऐका. ज्यांनी ज्यांनी पहिली बातमी पुढे पाठवली, त्यांनी जिथे जिथे पाठवली तिथे तिथे हा निकाल पाठवायचा. एक पण ग्रुप सोडायचा नाही. मग मूल परत आणायचं. नाही पाठवला तर माझ्याकडे जागा नाही."

"तुम्ही आम्हाला अट घालताय?" अभय हसला, पण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "ताई, पाच मुलं कमी आहेत तुमच्याकडे. तुम्हाला गरज आहे."

"आहे ना. म्हणूनच सांगतेय. गरज नसताना कोणी पण ताठ राहील."

अभय उठला. बूट घालताना म्हणाला, "ऑफिसच्या ग्रुपवर मी असलं काही टाकणार नाही. लोक हसतील मला." आणि गेला. त्याच्यामागून आणखी एक जोडपं उठलं.

नाना दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी डोक्याला हात लावला. रमाबाईंनी आतून चहाचा ट्रे आणला आणि नानांच्या हातात दिला. "बघत काय ऱ्हवलंस? वाट."

मनवा अजून चटईवरच होती. तिच्या अंगठ्याखाली स्क्रीन उजळलेली. "मी पाच ठिकाणी टाकली होती," ती हळू म्हणाली. "एक माझ्या शाळेतल्या मैत्रिणींचा ग्रुप आहे. तिथे सगळ्यांनी काय काय लिहिलं त्या बाईला. मी पण लिहिलं."

"मग तिथे आधी टाका," सीमा म्हणाली.

मनवाने टाकलं. एकापाठोपाठ एक पाच ठिकाणी. शाळेच्या ग्रुपवर तिने खाली स्वतःचं एक वाक्यही लिहिलं. काय लिहिलं ते तिने कोणाला दाखवलं नाही. चिंतामणी सुनेकडे बघत होते. तिचं झाल्यावर त्यांनी आपला जुना फोन काढला आणि विचारलं, "मलाही पाठव गं तो कागद. आमच्या कात्रणवाल्या म्हाताऱ्यांचा एक ग्रुप आहे."

सोमवारी यशोधन आला. बुधवारी आणखी एक मुलगी आली, तिच्या आईने दारातच मोबाईल उघडून सगळे ग्रुप दाखवले, जणू गृहपाठ तपासून घेतेय. अभयची मुलगी आली नाही, त्या जोडप्याचा मुलगाही नाही, आणि गावी गेल्याचं सांगणारी बाई शेवटपर्यंत गावीच राहिली. आठ मुलं. रमाबाईंनी तांदूळ तीन मुठी कमी घ्यायला सुरुवात केली. सीमाने रंगाऱ्याला बोलावून बोर्ड नवा केला. 'सीमा गुणाजी मेस्त्री' असं पूर्ण नाव, पहिल्यापेक्षा दुप्पट मोठ्या अक्षरांत. नानांनी जाता येता दोनदा वाचलं.

त्याच आठवड्यात तिने बातमीवाल्या साइटला पहिला मेल लिहिला. निकालाची प्रत जोडली, तारीख दिली, आणि लिहिलं की तुमची बातमी अर्धीच आहे. उत्तर आलं नाही. पुढच्या सोमवारी दुसरा लिहिला. तिसऱ्याला उत्तर आलं की आम्ही जुन्या बातम्यांत बदल करत नाही. चौथ्यात तिने विचारलं की मग जुनी बातमी आजच्या माणसाला पहिल्या नंबरावर का दिसते. चिंतामणींनी आपल्या ओळखीच्या दोन निवृत्त उपसंपादकांना कामाला लावलं, त्यांनीही लिहिलं. सीमाने सोमवार चुकवला नाही.

मार्चच्या शेवटी एका दुपारी करंजवडीहून फोन आला.

"ताई, माझ्या भाचीनं दावलं. त्या बातमीखाली एक ओळ आलीया. 'या प्रकरणात संबंधित महिलेची न्यायालयाने निर्दोष मुक्तता केली आहे.' बारीक अक्षरात हाय, पर हाय."

सीमाने लगेच उघडून बघितलं. होती. करड्या रंगात, अगदी तळाशी.

"पर मथळा तसाच हाय की वो," सीमा शांताराम म्हणाली. "आन फोटूबी."

"हो. लोक मथळाच वाचतात." सीमा एका बाळाला खांद्यावर टाकून उभी राहिली. "सोमवारपासून मथळ्यासाठी लिहिते."

"किती लिवणार तुमी? ते दमवत्यात मानसाला."

"चौदा वर्षं दुसऱ्यांची पोरं रडताना सांभाळलीत, ताई. मी दमत नाही."

पलीकडे ती हसली. सीमाने तिला हसताना पहिल्यांदाच ऐकलं. मग खडखडाट थांबला. ती बहुतेक कारखान्याच्या बाहेर आली असावी.

"मलाबी शिकवा ते मेल कसं लिवत्यात," ती म्हणाली. "एक तुमचं जाऊ दे, एक माझं. दोन्हीवर खाली नाव सीमा मेस्त्री. कुणाचं कुठलं ते त्यांचं त्यांनी हुडकावं."

"मोबाईल आहे ना हातात?"

"हाय."

"मग उघडा," सीमा म्हणाली आणि बाळाच्या पाठीवर थोपटत चटईवर बसली. "वर तुमचं पूर्ण नाव लिहा. मधल्या नावासकट."